खोडरबर

रामबागेतल्या आमच्या वाचनालयात
अकरा नंबरचं कपाट दारामागे आहे.
दार उघडं असलं की ते दिसत नाही.
म्हणून ती पुस्तकं मी तिथे ठेवली, असं मुळीच नाही.
जागा तेवढीच होती.

चिठ्ठीवर विषय काय लिहायचा, अडलं ते तिथे.
विज्ञानकथा लिहिलं, तर मुलं रॉकेट शोधत येतात
आणि तोंड पाडून जातात.
भयकथा लिहिलं, तर विचारतात, भूत कितव्या पानावर?
अध्यक्ष म्हणाले, भविष्य लिहा की सरळ.
आठवडाभर कुंडल्या घेऊन लोक येत राहिले.
शेवटी पेन्सिलीनं लिहिलं: डिस्टोपिया.
खाली बारीक अक्षरात: वाईट दिवसांच्या गोष्टी.

बुळेकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"वाईट? अहो, यातल्या माणसांना
सगळं छान चाललंय असंच वाटतंय की!"
मालवा मिलमध्ये तीस वर्षं टाइमकीपर होते ते.
संडासला गेलेल्याचीही मिनिटं लिहून ठेवायचे.
आवाज न चढवता म्हणाले,
"आणि अक्षर माझं फार सुंदर होतं."

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
ओला वेगळा, सुका वेगळा.
मला आवडते ती गाडी, खोटं कशाला बोलू?
पुण्याची बहीण आली की मुद्दाम तिला फुटपाथ दाखवते.
या पुस्तकांतही पहिल्या पानावर रस्ते लख्ख असतात.
चाळिसाव्या पानाच्या आसपास कुणीतरी विचारतं,
झाडून काढलं ते गेलं कुठे?

त्यातली एक पातळ कादंबरी. मुखपृष्ठ गेलेलं.
एका गावात घंटा होते, आणि सगळ्या खिडक्या
एकाच वेळी उघडतात.
बुळेकाकांनी घंटेखाली रेघ मारली, पट्टी लावून.
भंवरकुआंच्या कोचिंगमधली मृण्मयी टोळे,
तिनं मुलांची नावं काढून क्रमांक दिले त्या ओळीखाली,
आणि समासात लिहिलं: आमच्याकडे दर रविवारी.
तिसरा वाचक कोण, ते कळलं नाही.
सेवेच्या तेलाचं एक बोट,
आणि शेवटचं पान फाडलेलं.
"सुटतो का हो तो?" मृण्मयीनं विचारलं.
"फाडणाऱ्याला माहीत," बुळेकाका म्हणाले.

नियम सात: पुस्तकात खुणा करू नयेत.
परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी चाळते,
रेघा खोडते, चुरा फुंकते, शिक्का मारते.
बावीस वर्षं.
कधी कुणाचा राग म्हणून नव्हे. स्वच्छ बरं वाटतं.

ती कादंबरी खोडता खोडता वाचली गेली.
एकोणनव्वदाव्या पानावर दोन ओळींपुरती एक बाई येते.
सरकारी दप्तरात लोकांनी केलेल्या खुणा पुसायचं काम तिचं.
क्रूर वगैरे नाही. घरी तुळस आहे.
चार वाजता चहा घेते.
लेखकानं तिला नावसुद्धा दिलेलं नाही.

मी घड्याळ पाहिलं.
चहा समोरच होता.

तेव्हापासून एवढं समजलंय, याहून जास्त नाही:
राजा, शिपाई, उंच भिंत, हे सगळं लांबचं वाटतं,
घरी जाऊन निवांत झोप लागते.
मग एखाद्या कोपऱ्यात लेखक
आपल्या मापाची खुर्ची मांडून ठेवतो
आणि पुढे निघून जातो.

रबर टेबलाच्या खणात आहे. टाकलं नाही अजून.
परवा बुळेकाकांनी तेच पान
ट्यूबलाइटसमोर तिरकं धरलं
आणि खोडलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.
"खाच राहिली आहे," एवढंच म्हणाले.
मी नोंद केली. पुस्तक सुस्थितीत.

काल दार लोटून ठेवलं.
कपाट दिसतं आता.
उकडतं थोडं.